सात दुकानांचा कागद

चष्मेवालीला घाबरायची सवय पहिल्यापासूनच होती, चिमी झाल्यापासून त्या सवयीला पंख फुटले. दाराला कुलूप घातलं की ती तीनदा ओढून बघायची. गॅस बंद केला की परत जाऊन बघायची आणि तिसऱ्या खेपेला नवऱ्याला पाठवायची. नवरा म्हणायचा, आपल्याकडे चोर यायची गरजच नाही, घराची झोप उडवायला तू एकटी पुरेशी आहेस. ती हसायची आणि हसता हसता खिडकीची कडी चाचपायची.

दुकान दोघांचं. डोळे ती तपासायची, कॉलेजात त्याचंच शिक्षण घेतलेलं. फ्रेमा विकणं, काचा बसवून आणणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हे नवऱ्याकडे. पुढे फ्रेमांची काचेची कपाटं, पडद्यामागे डोळे तपासायची खोली, तिथे एक उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्याच्याही मागे एक चिंचोळी खोली, मागच्या गल्लीत उघडणाऱ्या दाराची. आठ महिन्यांची चिमी दुपारी तिथे झोपायची.

ओळीत अशी सहा दुकानं होती. घड्याळवाले आजोबा, किल्लीवाले काका, औषधवाले, शिवणकाम करणारी आत्या, मग हिचं, आणि टोकाला इस्त्रीवाला. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर हिच्या समोर, झेरॉक्सवाल्याचं सातवं. शिवणवाली ही काही कुणाची सख्खी आत्या नव्हती, पण आख्खी ओळ तिला आत्या म्हणायची आणि ती आख्ख्या ओळीला अरेतुरे करायची.

एके दिवशी पोलीस चौकीतून एक पत्रक आलं. लहान दुकानदारांनी चोरीपासून सावध कसं राहावं, अशा वीसेक सूचना. इतरांनी पत्रकाची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. चष्मेवालीने ते तीनदा वाचलं. शेजाऱ्यांनी मिळून आपापल्या कच्च्या जागा हेराव्यात, कोण कधी एकटं असतं ते एकमेकांना माहीत असावं, जादा किल्ल्या एखाद्या भरवशाच्या जागी असाव्यात. वाचता वाचता तिला वाटलं, हे कुणीतरी आपल्यालाच उद्देशून लिहिलंय.

मग काय, चिमीला कडेवर घेऊन बाई निघाल्या दारोदार. कुलूप कुठलं, मागचं दार कसं, जेवायला कधी जाता, दुकानात तेव्हा कोण असतं. इस्त्रीवाला म्हणाला, आल्या फौजदारीणबाई, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. पण चेष्टा करत करत सगळ्यांनी सगळं सांगितलं. आपल्याला इतक्या बारकाईने कुणी काही विचारतंय, याचंच माणसांना कौतुक असतं. किल्ल्याही दिल्या. तिने त्या एका पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि डबा अक्षरांच्या तक्त्यामागच्या कोनाड्यात ठेवला. तक्ता खिळ्यावरून उचलला की डबा दिसायचा, एरवी नाही.

एकट्या आत्याने थोडं आखडतं घेतलं. किल्ली दिली, पण बाकीच्या प्रश्नांना ती तोंडात टाचण्या धरून नुसतं हूं हूं करत राहिली. टाचण्या काढल्यावर म्हणाली, “सगळं कागदावर घालायचं नसतं गं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

चष्मेवालीने कागदावर लिहिलं: आत्या, माहिती अपुरी.

तो कागद एकच होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. तिचं अक्षर मुंगीच्या पावलांसारखं बारीक. वर दुकानाचं नाव आणि खाली ओळीने सगळ्यांची उणीदुणी. घड्याळवाले: मागच्या झरोक्याचा तिसरा गज ढिला. औषधवाले: झोपेच्या आणि दुखण्यावरच्या कडक गोळ्यांचं कपाट आतल्या खोलीत, कुलूप साधं. इस्त्रीवाला: दुपारी गाढ झोपतो. स्वतःलाही तिने सोडलं नव्हतं. चष्म्याचं दुकान: दोन ते साडेतीन मी एकटी, हे काचा आणायला कारखान्यात. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही. बाळ मागे झोपलेलं असतं, त्यामुळे आरडाओरडा करता येणार नाही. आणि सगळ्यात शेवटी: जादा किल्ल्या अक्षरांच्या तक्त्यामागे.

लिहून झाल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं. भीती एकदा कागदावर उतरली की निम्मी होते, असं तिचं मत होतं.

दोन प्रती काढायच्या होत्या. एक घरी, एक चौकीत. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात गर्दी नव्हती. तो रोजच्यासारखाच हसला, वहिनी वहिनी करत त्याने चिमीला टाळ्या वाजवून दाखवल्या. त्याच्या कानावर नेहमी एक जाड निळी पेन्सिल खोचलेली असायची. प्रत निघाली की तो कोपऱ्यात त्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायचा, मोजणी चुकू नये म्हणून. नेमकी तेव्हाच चिमीने मान मागे टाकून भोकाड पसरलं. चष्मेवालीने निळ्या खुणांच्या दोन प्रती उचलल्या आणि लगबगीने रस्ता ओलांडला.

चिमी दूध पिऊन शांत झाली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं. प्रती दोन्ही होत्या, पण शाईने लिहिलेला मूळ कागद नव्हता. तो मशीनच्या झाकणाखाली काचेवरच राहिला होता.

ती तशीच पळाली. पंधरा मिनिटंही झाली नसतील. झेरॉक्सवाल्याने झाकण उचलून दाखवलं, खाली स्वच्छ काच. मग त्याला आठवलं. तिच्या पाठोपाठ एक गृहस्थ ओळखपत्राची प्रत काढायला आले होते. त्यांनीच झाकण उचललं, कागद हातात घेतला, वरचं दुकानाचं नाव वाचलं आणि म्हणाले, तिकडेच चाललोय, देतो त्यांना. आपण शाई भरत होतो, नीट पाहिलं नाही.

“चष्मा होता त्यांना?” तिने विचारलं. माणसं तिच्या लक्षात राहायची ती चष्म्यावरून.

“नव्हता बुवा,” तो म्हणाला. “का हो वहिनी, महत्त्वाचं होतं का काही?”

ती म्हणाली, नाही, तसं काही नाही. का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्या दिवशी कागद घेऊन कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काचेचं दार ढकललं गेलं की ती हातातली फ्रेम खाली ठेवून दाराकडे बघायची. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, कुणीतरी नाव बघितलं, खिशात घातला, विसरला. कपडे धुताना त्याचा लगदा झाला असेल. आता ओळीत बोभाटा करू नकोस, लोकांनी विश्वासाने सांगितलंय. तिला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. लाज ही भीतीची थोरली बहीण. ती घरात आली की धाकटीला गप्प बसवते.

चौथ्या दिवशी सकाळी घड्याळवाले आजोबा दुकानासमोर उभे राहून सगळ्यांना एक गंमत सांगत होते. मागच्या झरोक्याचा एक गज निघून आला होता. आत काही हललेलं नव्हतं, एक घड्याळसुद्धा गेलं नव्हतं. गज तेवढा झरोक्याच्या कट्ट्यावर आडवा ठेवलेला होता, नीट, जेवणाच्या ताटाशेजारी चमचा ठेवावा तसा. इस्त्रीवाला म्हणाला, मांजराचं काम. आजोबा म्हणाले, मांजर मोठं टापटिपीचं दिसतंय. सगळे हसले.

चष्मेवालीने विचारलं, कितवा गज.

“तिसरा,” आजोबा म्हणाले. “तुला सांगितलं होतं ना, ढिला होता तो.”

चोरायला कुणी आलंच नव्हतं. कागद खरं बोलतो का, एवढंच कुणीतरी पडताळून पाहिलं होतं.

ती घरी गेली नाही, नवऱ्यालाही विचारलं नाही. सरळ आत्याच्या दुकानात जाऊन कापडाच्या ढिगावर बसली आणि भडाभडा सगळं सांगून मोकळी झाली. आत्याने मशीन थांबवलं नाही. तिचं मशीन सहसा थांबायचंच नाही. मधल्या भिंतीतून त्याची घरघर दिवसभर ऐकू यायची आणि त्या आवाजावर चिमीला झोप लागायची. सगळं ऐकून आत्याने दोरा दाताने तोडला.

“चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात,” ती म्हणाली. “तू तर वर नकाशाही काढून दिलास. ऊठ आता. रडून झालं की दारोदार जा. गेलीस तशीच.”

ती गेली. या खेपेला कुणी फौजदारीणबाई म्हटलं नाही. आजोबांनी निमूटपणे किल्ली परत घेतली आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं घातलं. औषधवाले तोंडावर म्हणाले, एवढं शिकून हेच केलंत. इस्त्रीवाल्याला चोरापेक्षा ‘गाढ झोपतो’ असं लिहिल्याचा राग जास्त आला. चौकीतल्या हवालदाराने सांगितलं, कागद हरवल्याचा गुन्हा होत नाही ताई, पण काही वाटलं तर या नंबरवर फोन करा, आणि नंबर दिला.

किल्लीवाले काका तेवढे म्हणाले, डबा रिकामा ठेवू नकोस. त्यांच्याकडे चुकलेल्या किल्ल्यांचा एक डबा होता. कापताना दाता वेडावाकडा गेलेल्या, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या. त्यातल्या पाच त्यांनी निवडून दिल्या. “येणारा रिकाम्या हाताने गेला तर चिडून जातो,” ते म्हणाले. “काहीतरी घेऊन गेला तर नुसता जातो.”

झेरॉक्सवाल्याचं शटर त्या दुपारी बंद होतं. त्याला उद्या सांगते, असं ती आत्याला म्हणाली. आत्या म्हणाली, राहू दे. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे, पण तो त्याच्या मशीनसारखाच, एक घातलं की दहा निघतात. त्यामुळे त्याची किल्ली डब्यातच राहिली, पाच चुकलेल्यांच्या सोबतीला एकटी खरी.

मागच्या दाराला त्याच संध्याकाळी नवी कडी बसली, वर एक आडवा लाकडी आडणा. आणि दुसऱ्या दिवसापासून दोनच्या ठोक्याला चष्मेवाली झोपाळलेल्या चिमीला खांद्यावर टाकून पुढच्या दाराने बाहेर पडायची, दहा पावलांवरच्या आत्याच्या दुकानात तिला ठेवून परत यायची. समोरून झेरॉक्सवाला हात हलवायचा. तीही हलवायची.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, दोन वाजून वीस मिनिटांनी, एक माणूस काचेचं दार ढकलून आत आला.

पन्नाशीचा, नीटनेटका, धुतलेल्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. चष्मा नव्हता. डोळे तपासायचेत म्हणाला. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण पाल तर तिच्या मनात दिवसातून दहादा चुकचुकायची. चष्मा नसलेला प्रत्येक माणूस चोर म्हणायचा, तर डोळे कुणाचे तपासायचे? तिने त्याला आतल्या खुर्चीवर बसवलं आणि दिवा लावला.

भिंतीपलीकडे आत्याचं मशीन चालू होतं.

समोरचा तक्ता त्याने घडाघडा वाचला, अगदी खालच्या ओळीपर्यंत. लांबचं काही दुखणं नव्हतं. मग तिने जवळचं वाचायचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले, आणखी लांब धरलं. मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी कशाबशा वाचल्या. तिसऱ्या ओळीला थांबला.

“हे काही दिसत नाही,” तो म्हणाला.

तिने तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि एकेक काच घालत गेली. आता? आता? अडीच नंबरला तो वाचू लागला. तिचे हात आपोआप काम करत होते. आपल्याला येतं तेवढंच ते करत होते. अडीच नंबर, आणि इतकी वर्षं चष्म्यावाचून. जवळचं सगळं याला धुरकटच दिसत असणार.

“चष्मा कधी केला नाहीत?”

“जवळचं वाचून दाखवायला माणूस आहे,” तो म्हणाला आणि हसला. मग मान थोडी वळवून पडद्याकडे बघितलं. “बाळ शेजारी ठेवता हल्ली. बरं करता. इथे दाराचा वारा लागत असेल.”

तिच्या हातातली काच खाली पडली नाही. तिने ती पेटीत ठेवली, अडीचच्या खाचेत.

त्याच वेळी मागच्या खोलीतून आवाज आला. कुणीतरी बाहेरून दार दाबून पाहिलं. थोडं थांबून पुन्हा, जास्त जोराने. आडणा कुरकुरला, पण हलला नाही. फ्रेमच्या जाड काचांमागे त्या माणसाचे डोळे मोठे, ओलसर दिसत होते. तो ऐकत होता.

“कडी दुरुस्त केलीत,” तो म्हणाला.

“हो.”

“ते काही कळलं नाही आम्हाला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. पत्ता जरासा चुकल्यासारखं बोलला. त्याने फ्रेम उतरवली, घडी करून तिच्या हातात दिली आणि तक्त्याकडे बोट केलं. “डबा काढा वहिनी. ओरडू नका. शेजारी आमचा एक जण पँटची उंची कमी करून घ्यायला बसलाय.”

भिंतीपलीकडचं मशीन थांबलं.

दिवसभर वाजणारी गोष्ट थांबली की कानात एक खड्डा पडतो. चष्मेवाली त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहिली. ओरडावंसं वाटलं. आरडाओरडा करता येणार नाही, हे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून हा माणूस निवांत बसला होता.

तिने तक्ता खिळ्यावरून उतरवला, डबा काढला, दिला. त्याने झाकण उघडून किल्ल्यांत बोटं फिरवली. सहा मोजल्या. एक उचलून डोळ्यांपाशी नेली, मग हातभर लांब धरली, आणि परत ठेवली. दाता वाकडा की सरळ, त्याला दिसणं शक्य नव्हतं. हे जगात त्या घडीला तिला एकटीला ठाऊक होतं, कारण नंबर तिनेच काढला होता.

“अर्धा तास इथेच बसा,” तो उठत म्हणाला. “आज बाहेर काही बोललात तर बाळ रोज कुठे असतं ते आम्हाला माहीत आहेच.” मग त्याने खिशातून एक घडी काढून खुर्चीवर ठेवली. “आणि हा तुमचा कागद. आता आम्हाला नको. चष्मा तेवढा करून ठेवा, अडीचचा.”

दार उघडलं, मिटलं. बाहेर मोटरसायकल सुरू झाली.

अर्धा तास कशाचा, ती अर्धा मिनिटही बसली नाही. पण उठताना तिने तो कागद उघडला. तिच्या मुंग्यांच्या ओळींशेजारी, प्रत्येक नावापुढे, कुणीतरी ठळक, मोठ्ठ्या अक्षरांत पुन्हा लिहून ठेवलं होतं. जवळचं न दिसणाऱ्या माणसाला वाचता यावं इतक्या मोठ्या. तिसरा गज. गोळ्यांचं कपाट. आणि अगदी खाली, तिने कधीच न लिहिलेली एक ओळ: बाळ आता शिवणवालीकडे, दोन वाजता नेते.

सगळं जाड निळ्या पेन्सिलीने. वाचून झालेल्या ओळीपुढे बरोबरची खूण, कोपऱ्यात, मोजणी चुकू नये तशी.

ज्याला मोठी अक्षरंसुद्धा धड दिसत नाहीत, त्याने मशीनवर उचललेल्या कागदावरचं दुकानाचं बारीक नाव वाचलं कसं? वाचलंच नव्हतं, कागद झेरॉक्सवाल्यानेच ठेवून घेतला होता. कुंपणच शेत खात होतं. मागची नवी कडी रस्त्यापलीकडून दिसत नाही, म्हणून ती तेवढी कागदावर आली नव्हती.

मागच्या गल्लीतून ती आत्याच्या दुकानात शिरली तेव्हा आत्या दाराकडे तोंड करून उभी होती, हातात कापडाची मोठी कात्री. चिमीचा पाळणा रिकामा होता. आत्याने कात्रीनेच खाली खूण केली. कापायच्या मोठ्या टेबलाखाली, लोंबत्या कापडांच्या आड, चिंध्यांच्या टोपलीत चिमी झोपली होती, तोंडात अंगठा.

आत्या हलक्या आवाजात सांगू लागली. एक जण आला, मापासाठी उभा राहिला आणि सारखा पाळण्याकडे बघायला लागला. बाळ कुठाय म्हणाला. “मी म्हटलं, माझं बाळ चाळीस वर्षांचं आहे, बँकेत असतं.” बाळाला पहिल्या दिवसापासून ती टोपलीतच झोपवत होती. पाळणा तेवढा लोकांना दिसायला. “तुलाही सांगितलं नाही मी. तू लिहून ठेवलं असतंस.”

मोटरसायकल वाजली तसा तो माणूस पँट शिवून न घेताच गेला. पण माप घेताना आत्याने त्याच्या मागच्या बाजूला खडूने हातभर फुली मारली होती. त्याला पत्ता नव्हता.

चष्मेवालीने फोन केला. हवालदार या वेळी ताई ताई म्हणाला नाही, लिहून घेत राहिला. मग म्हणाला, किल्ल्या हातात आल्या म्हणजे औषधांच्या दुकानात ते आजच शिरणार, अंधार पडायच्या आत, दुकान बंद झाल्याबरोबर. आमची माणसं आत बसतील. बाळाला घेऊन तुमच्या यजमानांना लगेच दुसरीकडे पाठवा. पण तुम्ही दुकान रोजच्यासारखं उघडं ठेवा. त्या समोरच्याला काहीएक कळता कामा नये. कळलं तर तो त्यांना सावध करेल, आणि मग ते तुमच्याकडे परत येतील.

साडेतीनला नवरा आला. तिने चार वाक्यांत सांगितलं. तो एकदाही म्हणाला नाही की तू उगाच घाबरतेस. चिमीला कपड्यांच्या गाठोड्यासारखी गुंडाळून तो आत्याच्या मागच्या दाराने निघून गेला.

ती परत येऊन काउंटरमागे बसली. फडकं घेऊन एकेक फ्रेम पुसू लागली. पाच वाजले. समोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाला दारात उभा होता, पेन्सिल कानावर. त्याने हात हलवला. तिने हलवला. तिला वाटलं आपला हात लाकडाचा आहे आणि ते त्याला तिथून दिसतंय.

तो रस्ता ओलांडून आला.

दार ढकलून आत शिरला, काउंटरवर कोपर टेकले. आज फार ऊन आहे म्हणाला. चिमी कुठे विचारलं. ती म्हणाली, झोपलीय शेजारी. तो म्हणाला, अजून? ती म्हणाली, दात येतायत, रात्रभर जागी होती.

“बरं वहिनी,” त्याने विचारलं, “तुमचा तो कागद मिळाला का हो शेवटी?”

कागद तिच्या ओच्यात होता. त्याची घडी तिला पोटाला टोचत होती.

“नाही ना,” ती म्हणाली. “गेला असेल कचऱ्यात.”

“मिळेल, मिळेल,” तो म्हणाला. पण निघाला नाही. पडदा अर्धा सरकलेला होता, त्यातून तो आत बघत होता. ती पुसत राहिली. औषधवाल्यांचं शटर ओढल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा घटकाभर आधी. त्याने मान वळवून तो आवाज ऐकला, मग पुन्हा आत पाहिलं.

“तक्ता तिरका झालाय तुमचा.”

ती उठली. आत जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी तिने दुपारी घाईत परत अडकवलेला तक्ता सरळ केला. मागे कोनाडा रिकामा होता. हात तिने तिथेच, अक्षरांवर, थोडा वेळ दाबून धरले. मागे काउंटरवर निळ्या पेन्सिलीची टकटक चालू होती, सावकाश, काहीतरी मोजल्यासारखी.

“आता?” तिने मागे न वळता विचारलं.

“आता बरोबर,” तो म्हणाला. पण टकटक थांबली नाही.